दोघी जावांचं नाटकाला जाणं

माजलगावच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. खाली दिवसभर पातेल्या-परातींचा आवाज, वर आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडली आणि त्यांची आठवण हळूहळू निसटायला लागली. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग नातवंडांची, मग आपण जेवलो की नाही तेही लक्षात राहीना. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे, कपाळाला भस्म लावायचे आणि आम्ही ताटली उचलली की विचारायचे, पूजेचं पाणी कुठं आहे. आम्ही पुन्हा पाणी द्यायचो. आधी आधी सांगून बघितलं, आप्पा, पूजा झाली. मग ते इतके गोंधळून बघायचे की त्यापेक्षा पाणी देणं सोपं वाटायचं.

सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं आम्ही दोघी जावा बघतो. मी थोरली. धाकटी माझ्यापेक्षा बारीक अंगाची, पण आप्पांना उचलून बसवायला तीच लागते, कारण माझी कंबर धरते. आप्पांना कधीही वाटतं की दुकान उघडायची वेळ झाली, आणि ते जिन्याकडे निघतात. म्हणून एक रात्र मी त्यांच्या दाराशी अंथरूण टाकते, एक रात्र ती. आमची झोप म्हणजे एक कान उघडा ठेवून पडणं. असं इतके दिवस चाललं होतं की आपण दमलोय हेही आता जाणवत नव्हतं. दळण आणायचं, धुणं टाकायचं, तसंच दमायचं.

अशात एक दिवस धाकटी आप्पांची औषधं घेऊन आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली की बीडला नाटक येणार आहे, स्टँडवर बॅनर लावलाय. विनोदी आहे, पुण्या-मुंबईकडची मंडळी आहेत, रविवारी दुपारचा खेळ आहे. मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच होतो. हे तिलाही माहीत होतं. एरवी तिनं विषय सोडून दिला असता. पण संध्याकाळी तिनं पुन्हा काढला, दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना पुन्हा. तेव्हा मला कळलं की ही नुसती बोलत नाही, हिनं मनात धरलंय. कॉलेजात असताना तिनं गॅदरिंगच्या नाटकात मोलकरणीचं काम केलं होतं. दोनच वाक्यं होती, पण त्यावर सभागृह हसलं होतं, हे ती लग्न होऊन आली त्या वर्षी मला सांगत असे. नंतर सांगायची थांबली. लग्नानंतर ती एकदाही नाटकाला गेली नव्हती.

माझं म्हणाल तर मला नाटक बघायची काही ओढ नव्हती. लहानपणी गणपतीत गल्लीच्या तोंडाशी चौक्या मांडून होणारी नाटकं बघितली होती, तेवढीच. कुणी मला विचारलं असतं तुला काय पाहिजे, तर मी म्हणाले असते, दार लावून झोपायला एक खोली. पण असं मागायचं कुणाकडे? नाटक मागता येतं. मी म्हणाले, जाऊ.

तिथून पुढं ते जाणं म्हणजे एक कामच होऊन बसलं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या लेकीनं मोबाईलवरून तिकिटं काढली. तिनं विचारलं, कुठली जागा पाहिजे, पुढची की मधली? धाकटी म्हणाली, "दाराजवळची. घरून फोन आला तर उठून येता आलं पाहिजे."  लेकीनं दाराजवळची काढली.

खरा प्रश्न आप्पांपाशी कोण बसणार हा होता. लग्नसराई होती, रविवारी दुकानात आंदणाची भांडी घ्यायला गावोगावची माणसं येतात, दोघा भावांपैकी एक तरी तिथं पाहिजेच. माझे मालक म्हणाले, मी वर-खाली करीन की, त्यात काय. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, एकदा करून तरी बघू. म्हणून एका दुपारी आम्ही शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेलो आणि मुद्दाम रेंगाळलो. नाटकवाले आधी तालीम करतात ना, तशी ही आमची घर सोडायची तालीम.

परत आलो तर वर कुणी नाही. आप्पा खाली दुकानात, गल्ल्यापाशी खुर्चीवर बसलेले, आणि कुठल्या तरी गिऱ्हाइकाला तांब्याच्या हंड्याचा फार जुना भाव सांगत होते. गिऱ्हाईक मान डोलावत होतं. चांगलं दिसत होतं ते. पण आप्पांचं धोतर भिजलेलं होतं, आणि माझे मालक हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागं नुसते उभे होते. वर न्यायचं तर आप्पा उठत नव्हते, इथं बदलायचं तर समोर बाजार, आणि धुतलेली धोतरं घरात कुठं ठेवलेली असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही दोघींनी आप्पांना वर नेलं. धाकटीनं गोड बोलून उठवलं, मी मागून धरलं. मालक जिन्यात बाजूला होऊन उभे राहिले.  जेवताना म्हणाले, "अक्काला बोलवा. मला जमणार न्हाई."

अक्का म्हणजे माझी नणंद, मालकांच्या पाठची आणि दिरांहून मोठी. घाटनांदूरला दिलेली. त्यांच्याकडे शेती आणि खताबियाण्यांचं दुकान, घरात माणसांचा राबता, त्यामुळे तिचं येणं वर्षातून एखाद-दोनदा, तेही सकाळी येऊन संध्याकाळी जायचं. फोन केला तर ती लगेच हो म्हणाली. शनिवारीच आली, पेढे घेऊन. धाकटीनं साडी काढून इस्त्री करून खुंटीला लावली होती. मोरपंखी रंगाची, दिवाळीत घेतलेली, एकदाही न नेसलेली.

आणि शनिवारीच संध्याकाळी दीर खालून वर आले आणि म्हणाले, उद्या जिल्हा बंद आहे, प्रयोग पुढं ढकललाय. जिल्ह्यात कशावरून तरी बंदची हाक होतीच, आम्ही तिकडं लक्ष दिलं नव्हतं. अक्का रविवारी आमच्याकडे अडकून पडली, कारण बसच सुटेना. सोमवारी गेली. धाकटीनं साडी घडी करून कपाटात ठेवली. रडली नाही, चिडली नाही. पण त्यानंतर ती कामापुरतीच बोलायची, आणि आप्पा काही विचारायला लागले की उत्तर देण्याआधी डोळे मिटून घ्यायची. मला ते डोळे मिटणं बघवत नव्हतं.

नवी तारीख कळली, तीही रविवारचीच, तेव्हा मीच अक्काला फोन लावला. या वेळी ती आढेवेढे घ्यायला लागली. गुडघे धरलेत, कालच डॉक्टरकडे गेलते, घरी पाहुणे येणार आहेत. मी समजुतीनं म्हणाले, दुपारपुरतंच आहे. तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, राग येऊ देऊ नका. पण आप्पा असे असताना तुमाला हसायला जायचं सुचतंय तरी कसं?"

फोनचा आवाज मोठा असतो आमच्या, शेजारी धाकटीला सगळं ऐकू गेलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता भांडण होतंय. इतक्या वर्षांत ती नणंदेला वर तोंड करून बोललेली नव्हती. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "अक्का, हसायला न्हाई चाललोत. बसायला चाललोत. तिथं खुर्चीवर बसलं की कुणी उठवत न्हाई, म्हणून."

 पलीकडून फोन बंद झाला. धाकटीनं तो माझ्या हातात दिला आणि आप्पांची पेज ढवळायला गेली. मी तिथंच उभी राहिले. ती बोलली ते माझ्या मनातलं होतं, आणि मी ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

रविवारी सकाळी आम्ही मनातून नाटक सोडून दिलं होतं. तिकिटं कुणाला तरी द्यावीत का, असं दीर म्हणत होते. तेवढ्यात जिन्यात सावकाश पावलं वाजली. प्रत्येक पायरीवर थांबत, कठडा धरून, अक्का वर आली. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. पहिल्या गाडीनं निघाली होती. आत येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, काय काय करायचं ते सांगा मला.  धाकटीनं तिला सगळं फिरून दाखवलं, धोतरं कुठं, गोळ्या कुठल्या, खाली उतरलं की जिन्याच्या दाराला बाहेरून कडी कशी लावायची. अक्का ऐकत होती. कडीचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "रोज लावावी लागते?" धाकटी हो म्हणाली.

साड्या नेसून आम्ही हळूच निघणार होतो, आप्पांच्या नजरेला न पडता. पण ते जागेच होते. म्हणाले, "कुठं चाललाव?"

मी काहीतरी सांगणार, तोवर धाकटी म्हणाली, "नाटक बघायला, आप्पा. बीडला."

आप्पांनी थोडा विचार केला. "मागं बसू नका," ते म्हणाले. "ऐकू येत न्हाई." मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी नाटकं कधी बघितली होती, कुणाबरोबर, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अक्कालाही नाही. विचारायला गेलं तर त्यांना सांगता येणार नव्हतं.

दुकानाचा छोटा टेम्पो आहे, माल आणायचा. दीर चालवायला, शेजारी आम्ही दोघी, अशा इस्त्रीच्या साड्यांत, पायाशी पिठलं-भाकरीचा डबा. कारखान्यांचा हंगाम होता. तेलगावच्या अलीकडेच उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकामागे एक, दोन-दोन जोडलेल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणं. पुढं काढायला जागा नाही. दीर हॉर्न वाजवत होते, त्याचा काही उपयोग नव्हता. धाकटी काचेतून पुढच्या उसाकडे टक लावून बसली होती. ती एकदाही म्हणाली नाही की उशीर होतोय. वडवणी मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि तिनं पदर सारखा केला, तेव्हा मला कळलं की इतका वेळ ती मूठ आवळून बसली होती.

नाट्यगृहात पोचलो तेव्हा दुसरी घंटा झाली होती. दिरांना एका ठोक व्यापाऱ्याकडे काम होतं, ते आम्हाला सोडून गेले. अंधारात एकानं बॅटरी दाखवून जागेवर नेलं. दाराजवळच्याच खुर्च्या. गाद्या जरा फाटक्या होत्या, पण पाठ टेकत होती. वर पंखे होते. आजूबाजूला बीडची कुटुंबं, कुणाचं लहान पोर रडत होतं, कुणी वेफर्सची पिशवी फोडत होतं. मी मोबाईल बघितला. घरून काही नव्हतं. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. एक दिवाणखाना होता, हिरव्या रंगाचा कोच, एक खिडकी. लुंगी नेसलेला एक माणूस घाईघाईनं आत आला आणि कोचाखाली काहीतरी शोधायला लागला. लोक हसले.

एवढंच मी नाटक बघितलं.

झोप कधी लागली ते कळलं नाही. हसण्याचे आवाज मधून मधून कानावर येत होते, लांबून, नदीपलीकडच्या गावात कुणाची वरात चालली असावी तसे. त्या आवाजात मला कुणी हाक मारत नव्हतं. कुणी पाणी मागत नव्हतं. कान मिटून झोपणं काय असतं ते मी विसरले होते, ते त्या खुर्चीत पुन्हा आठवलं. मध्यंतर झालं, दिवे लागले, लोक माझ्या पायांवरून ओलांडून वडे खायला गेले आणि परत आले, हे मला धाकटीनं नंतर सांगितलं. मी उठले ती टाळ्यांच्या आवाजानं. सगळे उभे होते. स्टेजवर सगळी पात्रं हात जोडून उभी होती, त्यात लुंगीवाला होता, त्यानं आता कोट घातला होता. माझं डोकं धाकटीच्या खांद्यावर होतं आणि तिच्या मोरपंखी साडीवर माझ्या केसांच्या तेलाचा डाग पडला होता.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. एवढी माणसं राबली, अक्का दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून आली, आणि मी इथं येऊन झोपले. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "मला उठवलं कावून न्हाई?"

"उठवून काय करू?" ती म्हणाली. "नाटक परत लागंल."

टेम्पो यायला वेळ होता. आम्ही नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडला. गर्दी ओसरत होती. मी विचारलं, कसं होतं? ती म्हणाली, लई चांगलं. पहिल्या अंकात इतकं हसले की पोटात कळ आली. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगायला लागली.  नाटकात एक म्हातारा होता. सगळं विसरायचा. दर थोड्या वेळानं आतल्या खोलीतून बाहेर यायचा आणि विचारायचा, माझं जेवण झालं का? आणि दर वेळी घरातला वेगळा माणूस वेगळं उत्तर द्यायचा, म्हणून तो चार-चार वेळा जेवायचा. लोक त्याच्या येण्याची वाट बघत होते. तो नुसता दारात दिसला तरी हशा.

"मी बी हसले," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त मीच हसले असंल. मग एकदम वाटलं, आपण कुणाला हसतोय. मग रडू यायला लागलं. तेवढ्यात तो परत आला आणि मला परत हसू आलं." ती पदरानं डोळे पुसत होती आणि त्यातही थोडी हसत होती. "तुमी झोपलात ते बरं झालं, ताई."

 मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दीर आले तेव्हा आमचा डबा संपलेला होता आणि आम्ही दोघी तशाच बसलेल्या होतो.

घरी आलो तर घर शांत होतं. अक्का आप्पांच्या खाटेशी जमिनीवर बसून, खाटेच्या पायाला डोकं टेकून झोपली होती. गुडघ्याचे पट्टे सोडून बाजूला ठेवलेले. आप्पाही झोपले होते. मालकांनी सांगितलं, दुपारभर आप्पांनी अक्काला ओळखलं नाही. बाई, तुमचं गाव कुठलं, असं विचारत होते. अक्का दर वेळी सांगायची, घाटनांदूर. मग ते म्हणायचे, तिथं आमची पोरगी दिलीय, कशी आहे ती?

सकाळी चहाला सगळे एकत्र बसलो होतो. आप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, हातात कपबशी. अक्कानं धाकटीला विचारलं, नाटकात काय काय होतं? धाकटी आधी लुंगीवाल्याचं सांगायला लागली. मग अडखळली. मला दिसत होतं ती कुठं अडखळली ते. पण कॉलेजातली ती मोलकरीण तिच्या अंगात अजून थोडी शिल्लक असावी. ती उठली, स्वयंपाकघराच्या दारात गेली, पाठीला बाक दिला आणि म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाली, "माझं जेवण झालं का?"

कुणी हसलं नाही. मालक कपात बघायला लागले. अक्कानं ओठ दाबून धरले. मला वाटलं, हे नको होतं करायला.

तेव्हा आप्पा हसले. आधी खांदे हलले, मग चहा बशीत सांडला, मग खोकला लागेपर्यंत हसले. कित्येक महिन्यांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. दम खात म्हणाले, "असला कसला माणूस बे. जेवलेलं बी याद न्हाई." आणि थोडं थांबून, कप हातात तसाच धरून, माझ्याकडे वळून विचारलं, "आज चहा केला न्हाई का?"

अक्का उठून मोरीकडे गेली. तिथं बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. ती बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. मालकांना ती म्हणाली, "दादा, मी दर महिन्याला येत जाईन. चार दिवस राहीन. तू बी आप्पांची एक वेळ बघायची." मालकांनी मान डोलावली. दिरांनीही.

सगळं लगेच सोपं झालं असं नाही. अक्काचे गुडघे आहेत, तिचंही घर आहे. कुठल्या महिन्यात येते, कुठल्या महिन्यात तिला जमत नाही. पण दुपारची आप्पांची अंघोळ आता मालक घालतात. पहिल्या पहिल्यांदा पाणी सगळ्या मोरीभर व्हायचं आणि आप्पा ओरडायचे. आता दोघं आत काहीतरी बोलत असतात, कुठल्या तरी जुन्या दुकानदाराविषयी, ज्याचं दुकान केव्हाच बंद झालं. त्या वेळात आम्ही दोघी आतल्या खोलीत पंखा लावून आडव्या होतो. धाकटी मला नाटकाचं पुढचं सांगत असते, आणि बहुतेक वेळा ती बोलत असतानाच माझा डोळा लागतो.